अंगकोर बघायचं तर जुन्याकडून नव्याकडे

"सूर्योदयाला अंगकोर वाट चुकवू नका" हा सल्ला कंबोडियाला निघताना मला सगळ्यांनी दिला आणि पहिल्या खेपेला मी तो मुकाट्यानं पाळला. टूरवाल्यांनी पहाटे चारला उठवलं आणि मोबाइलच्या उजेडात ठेचकाळत तळ्याच्या काठी नेऊन उभं केलं. पुढे नुसती डोकी आणि डोक्यांवर धरलेले मोबाइल. सूर्य आला, फोटो निघाले, आठला नाश्ता, आणि मग दोन दिवसांत अकरा देवळं. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं विचारलं, "अहो, हे कालचंच देऊळ ना?" ते कालचं नव्हतं, पण मलाही खात्रीनं सांगता येईना.

मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. नोकरीभर नकाशे काढलेल्या माणसाला असं व्हावं हे मनाला लागलं. तीन वर्षांनी आम्ही दोघंच पुन्हा गेलो. त्या वेळी मी एकच नियम केला: जुनं आधी, नवं नंतर. आता कंबोडियाला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो.

कारण सोपं आहे. तिथली मुख्य देवळं साधारण सव्वातीनशे वर्षांत, एकामागून एक राजांनी बांधलेली आहेत. प्रत्येकानं आधीच्याचं पाहून पुढे काहीतरी वाढवलं: विटांच्या जागी दगड, एका चौथऱ्याच्या जागी पाच, मोकळ्या शिखरांभोवती ओवऱ्या. अंगकोर वाट हे त्यातलं पिकलेलं फळ. ते पहिल्याच सकाळी खाल्लंत की नवव्या शतकातलं देऊळ तुम्हाला पडक्या वीटभट्टीसारखं वाटणार. रिक्षावाले मात्र 'लहान फेरी' आणि 'मोठी फेरी' अशा ठरलेल्या वाटांनी नेतात. त्या वाटा अंतराच्या सोयीनं आखलेल्या आहेत, काळाशी त्यांचा संबंध नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच कागदावर क्रम लिहून रिक्षावाल्याच्या हातात द्या. आमच्या रिक्षावाल्यानं तो वाचून आधी डोकं खाजवलं, कारण पेट्रोल जास्त जाणार होतं. थोडे पैसे वाढवून दिल्यावर हसला.

आधी तिकीट. एका दिवसाचं 37 डॉलर, तीन दिवसांचं 62 आणि सात दिवसांचं 72. तीन दिवसांचं घ्या. ते दहा दिवसांत केव्हाही वापरता येतं, सलग तीन दिवस हिंडायची सक्ती नाही. पन्नाशी-साठीतल्या गुडघ्यांसाठी ही मोठीच सोय आहे; आम्ही मध्ये एक दिवस नुसता झोपून काढला. तिकीट अंगकोरजवळच्या सियेम रीप शहराबाहेरच्या अधिकृत खिडकीवर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर मिळतं. हॉटेलात किंवा रस्त्यावर कोणी देऊ केलं तर घेऊ नका, कारण तिकिटावर तुमचा फोटो छापलेला असतो आणि दर देवळाशी तो तपासतात. बारा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पण वय दाखवायला पासपोर्ट लागतो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला खिडकीवर गेलात तर दुसऱ्या दिवसापासूनचं तिकीट मिळतं आणि त्याच संध्याकाळी आत जाऊन सूर्यास्तही बघता येतो. हा एक सूर्यास्त फुकटात पडतो.

पैशांचं एक लक्षात ठेवा. तिथे डॉलर आणि रिएल दोन्ही चालतात. एका डॉलरला साधारण चार हजार रिएल. डॉलरची नोट जरा फाटलेली किंवा शाईचा डाग पडलेली असली की घेत नाहीत. एक आणि पाच डॉलरच्या कोऱ्या नोटा बरोबर ठेवा. सुटे रिएलमध्ये परत येतात, ते रिक्षा आणि शहाळ्यांना उपयोगी पडतात.

कपड्यांचा नियम कडक आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर तर दारातूनच परत पाठवतात, वरून ओढणी घेऊन भागेल या भरवशावर राहू नका. पायांत मात्र बूट असू द्या. आपला हात देऊळ दिसलं की चपलेकडे जातो. पण इथे दगड तापलेले असतात, फरशा वरखाली झालेल्या असतात आणि लाल मुंग्या भरपूर. चालत्या विहारात किंवा पूजा होते त्या जागी तेवढे बूट काढायचे. खाण्यात मासळीचा अर्क असलेलं 'तुक त्रेय' भाजीतही पडतं. शाकाहारी मंडळींनी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चिवडा बांधून न्यावा, दुपारी देवळाच्या सावलीत बसून खाता येतो (माकडांपासून जपून).

थोडे शब्दही शिकून जा, फार नाहीत. 'अंगकोर' म्हणजे आपलं 'नगर'. देवळाला ते 'प्रासात' म्हणतात, तो आपला 'प्रासाद'. 'नोम' म्हणजे टेकडी. 'को' म्हणजे गाय-बैल, 'स्रेई' म्हणजे स्त्री, 'प्रोम' म्हणजे ब्रह्मा. 'थोम' म्हणजे मोठं. त्याचं आपल्या 'थोर'शी नातं नाही, पण लक्षात ठेवायला बरं. एवढ्या शिदोरीवर पाट्या वाचताना परकेपणा बराच कमी होतो.

पहिला दिवस विटांचा. सियेम रीपच्या पूर्वेला तेराएक किलोमीटरवर रोलुओस आहे, सकाळी तिथे जा. आधी प्रेअ को, सन 879. एकाच चौथऱ्यावर विटांची सहा शिखरं, समोर तीन नंदी शिखरांकडे तोंड करून बसलेले. नंदींमुळेच हे नाव. इंद्रवर्मन राजानं हे पूर्वजांसाठी बांधलं. विटांवर चुन्याचा गिलावा होता आणि नक्षी त्या गिलाव्यात होती. काही ठिकाणी ती अजून चिकटून आहे. ते तुकडे शोधा. पुढे सगळ्या देवळांत दगडात दिसणार आहे त्याचा कच्चा मसुदा इथे चुन्यात आहे.

तिथून पाच मिनिटांवर बाकोंग, सन 881, त्याच राजाचं. आता एकदम पाच पायऱ्यांचा दगडी डोंगर उभा राहतो. हा मेरू पर्वत. पुढची तीनशे वर्षं हीच कल्पना मोठी होत जाते. पायऱ्यांच्या कोपऱ्यांवर हत्ती आहेत आणि वर जावं तसे ते लहान होत जातात. खालून पाहणाऱ्याला डोंगर आहे त्याहून उंच वाटावा म्हणून केलेली ही युक्ती. मी दहा मिनिटं तिथेच थांबलो. आम्ही कागदावर जे करायचो ते त्यांनी हत्तींनी केलंय. वरचं शिखर मात्र नंतरच्या काळातलं, बाराव्या शतकातल्या शैलीचं आहे. देवळाच्या आवारातच आजचा बौद्ध विहार आहे आणि आम्ही गेलो तेव्हा आतून पठणाचा आवाज येत होता.

इथे एक सवय लावून घ्या: पायाखालचा दगड बघा. तपकिरी, भोकाभोकांचा दिसला की तो जांभा. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, आपल्या कुंपणाचे चिरे तेच. ही देवळं बांधणाऱ्या तिथल्या खमेर लोकांनी तो भराव, चौथरे आणि कोटाच्या भिंती यांसाठी वापरला, कारण त्याच्यावर बारीक कोरीवकाम होत नाही. नक्षी हवी तिथे वालुकाश्म. एकदा हे कळलं की कुठल्याही भिंतीकडे पाहून ती मिरवायला बांधली की भार घ्यायला, ते ओळखता येतं.

दुपारी परत येताना ईस्ट मेबोन, सन 953. हे देऊळ एका अवाढव्य तळ्याच्या मधोमध बेटावर होतं. तळं सात किलोमीटरहून लांब, जवळजवळ दोन रुंद, आणि तेही खोदलेलं नव्हे, चारी बाजूंनी मातीचे बांध घालून जमिनीवर पाणी अडवलेलं. आता तिथे शेतं आहेत. देवळाच्या कठड्यावर उभं राहिलं की खाली पाणी नसताना धक्क्याच्या पायऱ्या उतरताना दिसतात. आमच्या खात्यातल्या माणसानं तरी हे चुकवू नये.

सूर्यास्त प्रे रूपवरून, सन 961. लोक नोम बाखेंगच्या टेकडीवर धावतात. तिथे वर एका वेळी तीनशेच माणसं सोडतात, बाकीची रांगेत उभी राहून अंधार बघतात. प्रे रूप वीट आणि जांभ्याचं, संध्याकाळच्या उन्हात तांबूस होतं. पायऱ्या उभ्या आहेत. उतरताना तोंड देवळाकडे ठेवून, शिडी उतरतो तसं उतरा. लाज वाटू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बान्ते स्रेई, शहरापासून पस्तीसेक किलोमीटर, रिक्षानं तासाभराचा रस्ता. सन 967. हे कुठल्या राजानं नाही, यज्ञवराह नावाच्या दरबारी विद्वानानं बांधवलं. दारं इतकी ठेंगणी की वाकावं लागतं. गुलाबी वालुकाश्म, आणि नक्षी सोनारकामासारखी. इथे आपल्या माणसाला गाइड लागत नाही. दारांवरच्या शिल्पपट्ट्या वाचत जायच्या: कैलास हलवणारा रावण, शंकराला बाण मारणारा मदन, वाली-सुग्रीवाची झुंज, हिरण्यकशिपूला फाडणारा नरसिंह. एका पट्टीवर वरून तिरक्या रेघांचा पाऊस पडताना दिसतो. तो इंद्र खांडववन विझवायला आलाय आणि कृष्ण-अर्जुन बाणांनी पाऊस अडवताहेत. शेजारच्या परदेशी जोडप्याला बायकोनं ती गोष्ट अर्ध्या इंग्रजीत आणि अर्ध्या हातवाऱ्यांत सांगितली, तेव्हा त्यांचा गाइडही ऐकत उभा राहिला. देऊळ पूर्वाभिमुख आहे, म्हणून सकाळचंच ऊन हवं. दहानंतर बसगाड्या येतात.

1923 मध्ये आंद्रे मालरो या फ्रेंच तरुणानं इथल्या देवता कापून पळवल्या होत्या. पकडला गेला, देवता परत आल्या, आणि पुढे हाच गृहस्थ फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला. यावर मी काही बोलत नाही.

परतीच्या वाटेवर ता केओला अर्धा तास द्या. साधारण सन 1000 चं, अर्धवट राहिलेलं. रचना पूर्ण, कोरीवकाम जवळजवळ नाहीच, नुसते घनाकार दगड. प्रवासी कंटाळतात. मला ते सगळ्यांत प्रामाणिक वाटलं. शाई न भरलेलं ड्रॉइंगच ते.

आणि दुपारी दोननंतर अंगकोर वाट. हो, दुपारी. हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. सकाळी समोरून त्याची काळी आकृती दिसते, ती फोटोला छान. पण दगडाचा रंग, खिडक्यांचे कातीव गज, दर्शनी बाजूची नक्षी दिसायला दुपारनंतरचं ऊन लागतं. शिवाय सकाळची गर्दी तोवर जेवून झोपलेली असते.

दुसऱ्या सूर्यवर्मनानं हे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधलं. 190 मीटर रुंदीचा खंदक ओलांडताना घाई करू नका. देऊळ वाळूच्या भरावावर उभं आहे आणि ती वाळू ओली राहते म्हणून शिखरं तोल धरून आहेत, तेव्हा हा खंदक नुसता शोभेचा नाही. पश्चिमेच्या गोपुरात उजव्या अंगाला आठ हातांची विष्णूची उंच मूर्ती आहे. स्थानिक लोक तिला 'ता रीच' म्हणतात, भगवं वस्त्र नेसवतात, उदबत्ती लावतात. हिंदू की बौद्ध, हा प्रश्न तिथे कोणालाच पडत नाही. बायकोनं हात जोडले, शेजारच्या आजींनी तिला आपल्यातली एक उदबत्ती दिली.

मग पहिल्या ओवरीत जा आणि उजवीकडे वळा. भिंतीवर कोरलेले पट कळायचे असतील तर ती भिंत डाव्या हाताला ठेवून चालायचं, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलटं. माझी पावलं आपोआप दुसरीकडे वळत होती. हा अपसव्य क्रम आणि पश्चिमेचं तोंड, दोन्हींमुळे हे राजाचं स्मारकमंदिर असावं असं बरेच अभ्यासक मानतात.

पहिला पट कुरुक्षेत्राचा. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, मध्ये नुसता कल्लोळ. सुरुवातीलाच वर बघा: शरपंजरी भीष्म. पुढे अर्जुनाच्या रथावर चार हातांचा सारथी दिसेल. कोपरा वळून दक्षिणेला सूर्यवर्मन स्वतः, छत्र-चामरांसह, त्याच्या पुढे सैन्याची मिरवणूक. त्याच बाजूला पुढे स्वर्ग आणि नरक: रेड्यावर यम, त्याच्या हाताखाली न्याय करणारे धर्म आणि चित्रगुप्त, आणि खाली बत्तीस नरकांचे तपशील. कोरणाऱ्यांनी स्वर्ग कंटाळत केलाय आणि नरक मन लावून, हे माझं मत.

पूर्वेला वळलात की समुद्रमंथन, जवळजवळ पन्नास मीटर लांब. डावीकडे 92 असुर, उजवीकडे 88 देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म. देवांच्या रांगेच्या टोकाला शेपटी धरून चक्क एक वानर आहे. आपल्या पुराणात तो नाही, इथे आहे. दुपारी ही भिंत सावलीत असते आणि उठाव सपाट दिसतो. मोबाइलचा टॉर्च भिंतीशी तिरपा धरा, स्नायू उमटतात. हात मात्र लावू नका. कित्येक अप्सरांचा दगड लोकांचे हात फिरून फिरून तुळतुळीत झालाय. पूर्वेच्या ओवरीचा पुढचा अर्धा भाग आणि उत्तरेच्या ओवरीचा त्याला लागून असलेला अर्धा भाग नंतरच्या काळात कोरलेला आहे, तिथे हात कच्चा आहे, भरभर चला. पश्चिमेला परतलात की लंकेचं युद्ध. हनुमानाच्या खांद्यांवर उभा राम शोधा.

वरचा मजला, 'बाकान', पाचला बंद होतो आणि एका वेळी शंभरेक माणसंच सोडतात. महिन्यातल्या बौद्ध पवित्र दिवशी तो पूर्ण बंद असतो, तारखा आधी विचारून घ्या. टोपी काढावी लागते. लाकडी जिना आणि कठडा आहे, तरी चढ तीव्र आहेच. बायको खाली कट्ट्यावर बसली आणि तिचं काही बिघडलं नाही. सूर्योदय बघायचाच असेल तर आता, तिसऱ्या पहाटे बघा. काय बघतोय ते तरी कळेल. आम्ही पूर्वेच्या दारानं गेलो. मातीचा रस्ता, माणसं मोजकी, आणि समुद्रमंथनावर सकाळचं तिरपं ऊन.

तिसरा दिवस एकाच राजाचा, सातव्या जयवर्मनाचा. 1181 मध्ये गादीवर आला तो बौद्ध. साडेसातला ता प्रोमचं दार उघडतं, तेव्हा तिथे असा. हे त्यानं 1186 मध्ये आईसाठी बांधलेलं, मूळ नाव राजविहार. झाडांची मुळं भिंतींवर उतरलेली आहेत ते हेच, आणि नऊनंतर एकेका मुळापुढे फोटोची रांग लागते. मुळांपेक्षा छत बघा. खमेरांनी खरी कमान कधी बांधली नाही. दोन्ही बाजूंचे थर पुढे पुढे सरकवत माथ्यावर मिटवायचे, मध्ये पाचरीचा दगड नाही. म्हणून दालनं अरुंद, आणि एक थर सरकला की अख्खं छत खाली. दगडांचे ढीग का पडलेत याचं अर्धं उत्तर तिथे आहे, उरलेलं झाडांत. इथली डागडुजी आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण कंबोडियाच्या बरोबरीनं करतंय. नर्तकींच्या दालनात उभं राहून जुना दगड कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो ते शोधा.

पुढे प्रेअ खान, 1191, वडिलांसाठी. इथे भिंतींवरच्या कोनाड्यांकडे नीट पाहा. रांगच्या रांग कोनाडे रिकामे, छिन्नीनं खरवडलेले. तिथे ध्यानस्थ बुद्ध होते. जयवर्मनानंतर तेराव्या शतकात पुन्हा शैव जोर झाला आणि त्या मूर्ती काढल्या गेल्या. काही ठिकाणी बुद्धाला दाढी कोरून ऋषी केलंय. पुढे थेरवाद हा बौद्ध पंथ आला आणि विष्णूच्या अंगकोर वाटमध्येच बुद्ध बसले. हिंदू कुठलं आणि बौद्ध कुठलं हे गाइडच्या तोंडून ऐकण्यापेक्षा या खुणा स्वतः शोधण्यात जास्त मजा आहे.

शेवटी बयोन. वर शिखरांवरचे दोनशेच्या आसपास चेहरे सगळ्यांना माहीत असतात, त्यांच्याकडे आपोआप लक्ष जातंच. मी तुम्हाला बाहेरच्या खालच्या ओवरीत पाठवतो. इथे देवांच्या जोडीनं माणसं येतात: शेजारच्या चंपा राज्याच्या चाम सैन्याशी नावेतली लढाई, नावांखाली मासे, आणि पुढे बाजार, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाक, एक बाळंतपण. एका सैनिकाच्या ढुंगणाला कासव चावतंय. ते सापडलं तेव्हा आम्ही दोघं इतके हसलो की पहारेकऱ्यानं वळून पाहिलं.

बयोन आहे ते अंगकोर थोम या तटबंदीच्या नगरात. परतताना रिक्षावाल्याला सांगा, या नगराच्या दक्षिण दाराबाहेर थांब. खंदकावरच्या पुलाला दोन्ही बाजूंनी कठडा आहे, आणि तो कठडा म्हणजे नाग ओढणाऱ्या मूर्तींच्या रांगा: एका अंगाला 54 देव, दुसऱ्या अंगाला 54 असुर. भिंतीवर पाहिलेलं समुद्रमंथन आता रस्त्यावर उभं, आणि मधून रिक्षा जाताहेत. बायको म्हणाली, "हे परवा बघितलं ना आपण?" या वेळी मला कुठे ते सांगता आलं.